तासाला हजार रुपये: आईला घेऊन बीच रिसॉर्टवर

आजच्या भागात माझ्या आवाजामागे घूंऽऽ असा एक आवाज येत राहील. तो पंख्याचा नाही, समुद्राचा आहे. मी सध्या घरी, तारकर्लीला आलेय आणि माडांच्या पलीकडेच दर्या आहे. खिडकी बंद केली तर घामाने जीव जाईल, म्हणून ती उघडी ठेवूनच रेकॉर्ड करतेय. जे हा भाग वाचतायत त्यांनी गाज मनातल्या मनात ऐकावी.

तर विषय. गेल्या महिन्यात मी एक स्टोरी टाकली होती. निळाशार पूल, नारळाची झाडं आणि पाण्यात पाय सोडून बसलेली माझी आई. त्यावर जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच होता: ताई, एवढे पैसे घालून बीच रिसॉर्टला जावं का? परवडतं का? मी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत बसले आणि शेवटी कंटाळले. म्हटलं, एक पूर्ण भागच करू. चांगलं काय, वाईट काय, सगळं सांगते. फक्त रिसॉर्टचं नाव विचारू नका, ते मी घेणार नाही. दक्षिण गोव्यात, सासष्टीच्या किनाऱ्यावर, एवढं पुरे.

आधी आईबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे चार खोल्यांचं न्याहारी निवास आहे. बाबा होते तेव्हा दोघं मिळून बघायची, आता आई एकटी बघते, मदतीला एक बाई आहे. पहाटे पाचला उठायचं, घावणे-चटणी, चहा, चादरी, मासळी, दुपारची जेवणं, रात्रीची जेवणं, आणि मध्येच कुणीतरी विचारणार, ‘काकू, वायफायचा पासवर्ड काय?’ गेली वीस वर्षं हे चाललंय. दर्या घरामागे आहे, पण आई त्याच्याकडे बघते ती फक्त चादरी वाळत घालताना. पाहुणी म्हणून ती कुठेही राहिलेली नव्हती. लग्नकार्याला गेली तरी तिथल्या स्वयंपाकघरात.

म्हणून मी ठरवलं की पुण्यातल्या पगारातून थोडे थोडे साठवायचे आणि एकदा तिला अशा ठिकाणी न्यायचं जिथे तिला कुणी कशाला हात लावू देणार नाही. फेब्रुवारीत आंगणेवाडीची जत्रा आटोपली, आमच्याकडची गर्दी ओसरली, आणि बुधवार-गुरुवारच्या दोन रात्री बुक केल्या. हा पहिला सल्ला लिहून घ्या: आठवड्याच्या मधल्या दिवसांचे दर शनिवार-रविवारपेक्षा बरेच कमी असतात. आणि नाताळ ते नवीन वर्ष या काळात तर दर बघूच नका, ब्लडप्रेशर वाढेल.

आता हिशोब. खोली एका रात्रीला १९,००० रुपये. दोन रात्रींचे ३८,०००. एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के, म्हणजे वर ६,८४०. एकूण ४४,८४०. यात फक्त सकाळचा नाश्ता धरलेला. चेक-इन दुपारी तीनला, चेक-आउट सकाळी अकराला. म्हणजे ‘तीन दिवस, दोन रात्री’ असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी तुमच्या हातात येतात ४४ तास.

मी शहाणपणा केला आणि कुडाळहून ट्रेनमध्ये बसल्यावर हे आईला मोबाइलवर भागाकार करून दाखवलं. तासाला हजार रुपये! मला वाटलं ती हसेल. ती गप्प झाली. सावंतवाडी गेली, थिवी गेलं, मग म्हणाली, “म्हणजे मी आठ तास झोपलंय तर आठ हजार गेले?”

तो भागाकार पुढे दोन दिवस माझ्या मानेवर बसला. तुम्ही आईवडिलांना नेणार असाल तर आकडा सांगू नका. खोटं बोला. ऑफिसने दिलं म्हणा.

मडगावहून टॅक्सी केली. तिचं भाडं गाडीत बसायच्या आधी ठरवा. पोचल्यावर गेटवर पहारा, मग लांबलचक रस्ता, मग लॉबी. थंड रुमाल आला, त्याला वाळ्याचा वास. आईने तो घडी घालून परत दिला. मग बॅटरीवर चालणारी उघडी गाडी आली आणि आम्हाला खोलीकडे घेऊन गेली.

इथे एक गोष्ट कळली जी मला बुकिंग करताना माहीत असायला हवी होती. फोटोत समुद्र अगदी खिडकीत असतो. प्रत्यक्षात आमच्या खोलीपासून पाणी चांगलं पाच-सात मिनिटं चालत होतं. यात फसवणूक म्हणावी तर तशी नाही. १९९१ साली केंद्र सरकारने किनारपट्टीच्या बांधकामाचे नियम आणले, ज्याला आपण सीआरझेड म्हणतो. गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम नको, असं त्यात होतं. २०१९ च्या नव्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणलं, बाकी ठिकाणी २०० कायम ठेवलं. म्हणून अशा रिसॉर्टमध्ये खोल्या मागे असतात आणि पुढे ती मोठी हिरवळ, माड, झोपाळे. तेव्हा बुकिंग करताना ‘समुद्र दिसतो का’ एवढंच विचारू नका. ‘खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं’ असं विचारा. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आणि तो ‘प्रायव्हेट बीच’ हा शब्द. आपल्याकडे भरतीच्या रेषेखालची वाळू कुठल्याही हॉटेलच्या मालकीची नसते. तिथे तुम्हीही जाऊ शकता, मीही, आणि गावातला कुणीही. रिसॉर्ट तुम्हाला विकतं ती वाळूपर्यंतची वाट, सावली, खुर्ची आणि आजूबाजूला गर्दी नसणं. समुद्र फुकटच आहे. गोव्यात हा वाद जुना आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी ‘जागृत गोंयकारांची फौज’ ही संघटना पंचतारांकित पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. विहिरी आटतात तेव्हा हिरवळीला आणि पूलला पाणी कुठून येतं आणि किनाऱ्यावर जायच्या आमच्या पायवाटा का बंद होतात, हे तेव्हाचे प्रश्न होते. मी तारकर्लीची, त्यामुळे मला ते प्रश्न परके वाटत नाहीत. आमच्याकडेही मे महिन्यात टँकर येतो आणि पाहुणे शॉवरखाली अर्धा तास उभे राहतात.

बरं, आता चांगलं काय ते सांगते. कारण चांगलं होतं, आणि ते नाकारणं खोटेपणा होईल.

खोली. मी ‘आलिशान’ वगैरे म्हणणार नाही. मला आवडली ती शांतता. दार लावलं की काहीच ऐकू येत नव्हतं. बाथरूममध्ये धरायला दांडा होता, पायरी नव्हती, फरशी घसरत नव्हती. आईचा डावा गुडघा दोन वर्षांपासून त्रास देतोय. आमच्या घरी न्हाणीघरात उतरायला एक उंच पायरी आहे. ती आम्हाला इतकी सवयीची की दिसतच नाही. तिथे आई एकटी, दार लावून, न घाबरता आंघोळ करून आली आणि म्हणाली, दांडो बरो आसा. एकोणीस हजारांच्या खोलीत तिला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू ती.

किनाऱ्यावर सावली होती, स्वच्छ संडास दोन मिनिटांवर होता. बायकांना विचारा, समुद्रावर दिवस काढायचा म्हटलं की पहिली काळजी कशाची असते. तारकर्लीला येणाऱ्या पाहुण्या आम्हाला हेच विचारतात. ही काळजी नसली की समुद्रावर चार तास बसता येतं.

पाण्यात उतरण्याबद्दल एक गोष्ट. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून सरकारने नेमलेली जीवरक्षकांची सेवा आहे. ती सगळ्यांसाठी आहे, रिसॉर्टचं बिल भरणाऱ्यांसाठी वेगळी नाही. लाल आणि पिवळा असा दुरंगी झेंडा असेल तर त्या टप्प्यात जीवरक्षकाचं लक्ष आहे, तिथे उतरा. नुसता लाल असेल तर उतरू नका, तुम्हाला कितीही पोहता येत असलं तरी. आणि जून ते सप्टेंबर रिसॉर्टचे दर उतरतात, रील बघून मोह होतो, पण त्या दिवसांत समुद्र फक्त बघायचा असतो. हे मी किनाऱ्यावर वाढलेली मुलगी म्हणून सांगतेय.

आता खटकलेलं. आणि हे बरंच आहे.

पहिलं, जेवण. बफेमध्ये पास्ता होता, पनीर होतं, बिर्याणी होती, तीन प्रकारचे केक होते. समोर समुद्र, आणि मासळी म्हणजे बटर-गार्लिकमध्ये बुडवलेले दोन-तीन प्रकार. आईने सोलकढी मागवली. ती आली वाइनच्या ग्लासात, वर पुदिन्याचं पान, दर २८० रुपये. आमच्या परसात रातांब्याचं झाड आहे. तिने एक घोट घेतला, ग्लास माझ्याकडे सरकवला आणि चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाली, पाणी जास्त झाला. बिलात आणखी एक मजा असते. ज्या हॉटेलच्या खोल्या साडेसात हजारांच्या वर जातात, तिथल्या जेवणावरही १८ टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या साध्या हॉटेलात ५ टक्के. त्याशिवाय ‘सर्व्हिस चार्ज’ लिहिलेला दिसला तर तो द्यायलाच हवा असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. नम्रपणे सांगा, काढून देतात. आमच्या बिलातून काढला.

दुसरं, लग्न. गुरुवारी सकाळी बघतो तर मोठ्या पूलभोवती पिवळी झेंडूची तोरणं. कुणाची तरी हळद! दुपारी चारपर्यंत तो पूल आणि अर्धी हिरवळ बाकीच्या पाहुण्यांना बंद. रिसेप्शनवर विचारलं तर ‘मॅडम, छोटा पूल सुरू आहे.’ छोटा म्हणजे लहान मुलांचा. आणि ढोल, डीजे, माइकवरचे विनोद. शांततेसाठी हजार रुपये तास मोजायचे आणि दुसऱ्याच्या हळदीतली गाणी ऐकायची. रात्री दहाला आवाज थांबला, कारण कायदाच तसा आहे. तेव्हा बुकिंगच्या आधी फोन करून सरळ विचारा: त्या तारखांना लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का? आणि उत्तर मेलवर मागा.

तिसरं, पूलचे नियम. पोहण्याचे खास कपडे असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. नियम बरोबरच आहे, सुती कपड्याचे धागे यंत्रात अडकतात. पण हे बुकिंग करताना कुणी बोललं नाही, आणि आईकडे होत्या साड्या आणि दोन गाऊन. म्हणून ती काठावर पाय सोडून बसली. तुम्ही ज्या फोटोवर हार्ट टाकलेत ना, तो हा फोटो. आणि मागे कुणी दिसत नाही कारण तो लहान मुलांचा पूल आहे.

चौथी गोष्ट मला नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. पहिल्या सकाळी मी उठले तेव्हा आईने दोन्ही पलंग आवरलेले होते, टॉवेल वाळत घातलेले, कप धुऊन पालथे. खोली साफ करायला एक मुलगी आली, माझ्यापेक्षा लहान असेल. बेळगावकडची, छान मराठी बोलत होती. ती दारात थांबली आणि घाबरून म्हणाली, “काकू, तुम्ही कशाला केलंत? आमचे साहेब बघतील.” आईने तिला विचारलं, दिवसाला किती खोल्या? ती म्हणाली चौदा. ती गेल्यावर आई बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून होती. “त्या चेडवाक चौदा खोल्यो गो! माका चार होतत तर कंबर धरता.” मग माझ्याकडे बघून, “काम नको म्हणान हय हाडलंस, पण बसान करू काय?”

मला राग आला. खरंच आला. मी एवढे पैसे साठवले, आणि हिला बसताही येत नाही. मी म्हटलं, “आये, तू एकदा तरी पाहुणी हो ना.” ती काही बोलली नाही. आम्ही नाश्त्याला गेलो, एकमेकींशी न बोलता इडल्या खाल्ल्या. म्हणजे मी इडल्या खाल्ल्या. ती वेटरच्या ट्रेकडे बघत होती, पडेल की काय म्हणून.

नंतर किनाऱ्यावर आलो. रिसॉर्टच्या छत्र्या जिथे संपतात तिथून थोड्या अंतरावर गावातले लोक रापण ओढत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होडीने लांब नेऊन जाळं अर्धगोल टाकायचं, आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसांनी ओढायचे. पंधरा-वीस माणसं तरी लागतात. खुर्च्यांवरचे पाहुणे मोबाइल काढून व्हिडिओ घेत होते. आईने चपला काढल्या. “मी वायच हात लावतंय.” मी अडवेपर्यंत ती दोराला लागलेली. गुडघा, बिपी, सगळं विसरून. त्या लोकांशी तिची कोंकणी-मालवणी अशी काही जमली की मी बाजूला उभी राहून नुसती बघत होते.

रापणीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, तशी रीत आहे. आईला सात-आठ बांगडे मिळाले, प्लास्टिकच्या पिशवीत. ती पिशवी घेऊन रिसॉर्टच्या फाटकावर आली तर पहारेकरी म्हणाला, बाहेरचा कच्चा माल आत नेता येत नाही. भाजून द्याल का विचारलं, तर किचनचा नियम नाही. समुद्रावरच्या हॉटेलात समुद्रातले ताजे मासे आत जाऊ शकत नव्हते! आईने वाद घातला नाही. आम्हाला खोलीवर सोडणारा गाडीवाला जवळच्याच गावचा होता, त्याला पिशवी दिली. तो दुसऱ्या दिवशी सांगत होता, घरी हुमण केलं.

त्या दुपारी मी भाड्याची स्कूटर घेतली. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ती तशी आहे ना बघा, म्हणजे पोलिसांकडे वेळ जात नाही. गावातल्या एका छोट्या खानावळीत आम्ही जेवलो. शीत, हुमण, तिसऱ्या, किसमूर, सोलकढी. आई पोटभर जेवली आणि मालकिणीला विचारून आली की किसमुरात खोबरं किती घालता. रिसॉर्टचा माझ्या मते सगळ्यात मोठा दोष हाच आहे: त्याची रचनाच अशी असते की तुम्हाला बाहेर पडायची गरज वाटू नये. तुम्ही गोव्यात दोन दिवस राहून गोव्यातल्या एकाही माणसाशी न बोलता परत येऊ शकता.

मग पैसे वाया गेले का? थांबा, शेवटची सकाळ राहिली.

शुक्रवारी सहाला मला जाग आली. आई झोपलेली. म्हटलं, उठेल आता. सात वाजले. साडेसात. मी जवळ जाऊन श्वास चालू आहे ना बघितलं, हसू नका. आठ वाजले. साडेदहापर्यंत नाश्ता, अकराला खोली सोडायची. डोक्यात तोच भागाकार. तासाला हजार, तासाला हजार. उठवलं तर निदान शेवटचा समुद्र बघून होईल. पण मी उठवलं नाही. पडदा नीट सरकवला आणि व्हरांड्यात बसून राहिले. मला आठवेना, माझ्या आयुष्यात मी आईला उजेडात झोपलेली कधी बघितली होती. आजारी असतानासुद्धा नाही.

ती नऊला उठली. घड्याळ बघून दचकली. मग परत आडवी झाली आणि म्हणाली, “आजून वायच.”

तर माझं उत्तर. फिरायला, माणसं बघायला, स्थानिक खायला जायचं असेल तर एवढं महाग रिसॉर्ट घेऊ नका. गावात साध्या घरी राहा, उरलेल्या पैशात आणखी चार दिवस फिरा. मित्रमैत्रिणींचा ग्रुप असेल तर अजिबात नको, तुम्ही खोलीत असणारच नाही. पण घरात कुणी खूप वर्षं थकलेलं असेल, ज्याला स्वतःच्या घरात विश्रांती मिळूच शकत नाही, त्याच्यासाठी दोन रात्री, ईएमआय न काढता, साठवलेल्या पैशातून, एकदा. आणि तिथे जाऊन त्या माणसाने कसं सुखी व्हावं हे आपण ठरवायचं नाही. मी ते ठरवत होते, म्हणून पहिला दिवस वाया घालवला.

घरी परतल्यावर दोन बदल झाले. न्हाणीघरात मी दांडा बसवून घेतला. मालवणच्या दुकानातून आणला, बसवणावळीसकट नऊशे रुपये. वीस वर्षं आम्हाला हे सुचलं नव्हतं. आणि आईच्या बुकिंगच्या वहीत प्रत्येक बुधवारवर आता तिने पेनाने फुली मारलीय. मी म्हटलं, आये, सीझनमध्ये बुधवारचे चार खोल्यांचे पैसे जातील. ती म्हणाली, “जांवदे. बुधवारी मी झोपतलंय.”

आज बुधवार आहे. म्हणून मी इतक्या हळू आवाजात बोलतेय.

तुमच्या घरात असं कोण आहे, आणि तुम्ही त्यांना कुठे नेलं किंवा नेणार आहात, ते मला व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवीन. काळजी घ्या, लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरू नका. भेटूया!